झाडलेलं जंगल

महेजबीन शिकलगारनं तासगावच्या मुलींच्या शाळेत कितीतरी वर्षं जमिनीची धूप शिकवली, आणि दरवर्षी खडूनंच शिकवली. फळ्यावर झाडांनी भरलेला एक डोंगर काढायचा, शेजारी एक बोडका डोंगर काढायचा आणि बोडक्या डोंगरावरून खाली बाण सोडायचे. मुली ते चित्र वहीत उतरवून घ्यायच्या, बाण निळ्या पेन्सिलीनं रंगवायच्या आणि परीक्षेत 'झाडांमुळे जमिनीची धूप थांबते' हे वाक्य ठोकून गुण पदरात पाडून घ्यायच्या. सगळं झकास चाललं होतं. मग एकदा रंगू माळी नावाची सातवीतली पोर उभी राहिली आणि म्हणाली, "बाई, पर पानी थांबतं कसं? झाड काय आडवा हात घालतं व्हय?"

वर्ग खो खो हसला. महेजबीनही हसली. पण घरी गेल्यावर तिच्या ध्यानात आलं, की याचं उत्तर आपल्यालाही ठाऊक नाही. पुस्तकात एक वाक्य होतं, ते तिनं पाठ केलं होतं आणि तेच आजवर पुढं वाटत आली होती. तिला मनापासून लाज वाटली. लाज वाटली की बहुतेक माणसं विषय बदलतात. महेजबीन त्यातली नव्हती. पोरींना घेऊन जंगलात जायचं आणि पाण्याचं काय होतं ते डोळ्यांनी बघायचं, असं तिनं ठरवून टाकलं.

आता तासगावाभोवती द्राक्षांचे मांडव पाहिजे तेवढे, पण जंगल औषधालाही नाही. जंगल बघायचं तर कोयनानगरच्या वर, राखीव जंगलात जायला हवं. म्हणजे एसटी बदलत दिवसभराचा प्रवास, घाटाची वळणं आणि मुक्काम. शाळेच्या कमिटीत हा विषय निघाला तेव्हा एक सभासद म्हणाले, "पोरींना रानात न्हेऊन काय शिकवणार? रान तर आमच्या दाराशी हाय." दुसऱ्यांना कोयनेच्या भूकंपाची आठवण झाली. महेजबीननं दोन वर्षं अर्ज केले, सांगलीला खेटे घातले, एकेका पोरीच्या घरी जाऊन आयांची समजूत काढली. तिचे वडील जैनुद्दीन द्राक्षछाटणीच्या कात्र्यांना धार लावायचे. तेही आधी कुरकुरले. मग एक दिवस त्यांनी तेलाचे रिकामे डबे कापून पत्र्याच्या लांब पट्ट्या काढल्या, कडा घासून गुळगुळीत केल्या आणि म्हणाले, "ने. पोरींचे हात कापायला नकोत."

अखेर शिक्षणाधिकारी इनामदार साहेबांनी अठ्ठ्याहत्तर सालच्या फेब्रुवारीत एक शिबिर मंजूर केलं. मंजूर करताना ते म्हणाले, "बाई, एकदा करून दाखवा. शेवटच्या दिवशी मी स्वतः येऊन बघेन. पटलं, तर दरवर्षी शिबिर. नाही पटलं, तर हा विषय पुन्हा माझ्या टेबलावर आणायचा नाही." त्यांनी आणखी एक अट घातली. तालुक्यातले काही मास्तरही सोबत न्यायचे, म्हणजे तेही शिकतील, आणि त्यांचे प्रमुख म्हणून नाथाजी गुरव सर असतील.

नाथाजी गुरव म्हणजे तपासणीचा राजा माणूस. धोतर पांढरं, टोपी त्याहून पांढरी. उन्हाळ्यात ते निवृत्त होणार होते, आणि साऱ्या नोकरीत त्यांच्या शाळेला एकही वाईट शेरा मिळाला नव्हता. त्यांच्या ऐन उमेदीत तपासणीला येणाऱ्या साहेबाला सगळे 'दिपोटी' म्हणायचे, आणि दिपोटी येणार म्हटलं की गुरव सरांच्या अंगात संचारायचं. शाळा सारवायची, दगडांना चुना लावायचा, पताका लावायच्या. कुठला प्रश्न विचारला जाईल, त्याला कुणी उत्तर द्यायचं, उत्तर येत नसलेल्यानं कुठला हात वर करायचा, याची तालीम आठ-आठ दिवस चालायची. त्यात फसवणूक आहे असं त्यांना कधी वाटलंच नाही. पाहुणा येणार म्हणून घर झाडतात, तसंच ते त्यांना वाटायचं.

कोयनानगरला रेंजर हंबीरराव भेटले. पलटणीतून निवृत्त होऊन वनखात्यात आलेला, मिशीवाला, कमी बोलणारा गडी. पोरींचा आणि मास्तरांचा घोळका बघून त्यांनी कपाळाला आठ्या घातल्या. "हे जंगल हाय, जत्रंचं मैदान न्हवं," ते म्हणाले. "पान तोडायचं न्हाई. काडी वडायची न्हाई. एक ठिणगी पडली, तर त्याच दिवशी समद्यास्नी एसटीत बसवीन. सायबाची चिठ्ठी असली तरीबी."

पहिल्या दिवशी जागा निवडल्या. जंगलाच्या हद्दीबाहेर गावाचा एक उतार होता. चांगलं गवत यावं म्हणून लोक तो दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडाला पेटवून द्यायचे, आणि यंदाही तो नुकताच पेटवला होता. तिथं महेजबीननं जैनुद्दीनच्या पत्र्याच्या पट्ट्या जमिनीत उभ्या ठोकून एक चौकोन आखला. तिन्ही बाजूंनी पत्रा, आणि खालच्या बाजूला पन्हळ. पन्हळीच्या तोंडाशी काचेची बरणी. अगदी तसाच दुसरा चौकोन आत, झाडांखाली आखला. दोन्हीकडं सारखंच पाणी झारीनं शिंपडायचं आणि बरणीत काय येतं ते बघायचं. बस्स, एवढाच प्रयोग.

पोरींनी ओढ्यावरून घागरी भरून आणल्या. पहिली झारी ओतायच्या आतच गुरव सर मोठ्यानं म्हणाले, "मुलींनो, लिहून घ्या. निष्कर्ष. झाडांमुळे जमिनीची धूप थांबते."

"सर," रंगू म्हणाली, "आजून पानी वतलंच न्हाई."

मास्तर मंडळी हसली. गुरव सर रागावले नाहीत. ते नुसते गोंधळले. पाणी ओतल्यावर निष्कर्ष वेगळा थोडाच होणार आहे, असं त्यांच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होतं.

जळक्या उतारावर पाणी पडताच काळा लोंढा पन्हळीतून धावला आणि बरणी गढूळ झाली. झाडांखालच्या चौकोनात मात्र कितीतरी वेळ काहीच आलं नाही. मग हळूच एक बारीक धार आली, फिक्या चहासारखी नितळ. पोरींनी टाळ्या पिटल्या. मग महेजबीननं त्यांना पोटावर झोपवलं आणि पाचोळ्याचा एकेक थर उचलून बघायला लावला. वरचं पान कोरडं, कुरकुरीत. त्याखालचं ओलसर, चाळणीसारखं भोकांचं. त्याखाली पानच नाही, नुसती शिरांची जाळी, आणि त्या जाळीतून विणत गेलेले बुरशीचे पांढरे धागे. त्याखाली माती, इतकी भुसभुशीत की बोट सहज आत जात होतं. चांदबी नावाच्या पोरीला एक गोम सापडली, आणि ती किंचाळायच्या ऐवजी तिचे पाय मोजायला लागली.

रोज हेच चाललं. मास्तर आधी हात पाठीमागं बांधून उभे राहायचे. दोन दिवसांनी तेही गुडघे टेकून बसायला लागले. आणि एका दुपारी महेजबीनला दिसलं, की गुरव सर टोपी बाजूला ठेवून, धोतराची पर्वा न करता, पोरींच्या ओळीत पालथे पडलेत आणि भिंगातून बुरशी बघताहेत. "बाई," ते न उठताच म्हणाले, "मी तीस-पस्तीस वर्षं 'कुजणे' हा शब्द शिकवला. हे असं असतं होय!" त्या दिवशी महेजबीनला या माणसाबद्दल माया वाटली. हंबीररावही येता-जाता थांबून बघायला लागले होते. एकदा तर त्यांनी स्वतः घागर उचलून दिली. सगळं इतकं चांगलं चाललं होतं, की महेजबीननं पुढच्या वर्षीच्या शिबिराला कुठल्या पोरी आणायच्या, तेसुद्धा मनात ठरवून टाकलं.

शेवटच्या दिवशी पहाटेच निघून ती खाली कोयना प्रकल्पाच्या वसाहतीत फोन करायला गेली. साहेब कराडला मुक्कामी होते, ते निघाले की नाही ते विचारायचं होतं. केव्हाच निघालेत, असं उत्तर आलं. हंबीररावांच्या सोबत ती झपाझप वर आली आणि पायवाटेच्या तोंडाशीच तिची पावलं थबकली.

वाटेच्या दोन्ही अंगांना चुना लावलेले दगड. झाडाझाडांतून कागदी पताका, गुरव सरांनी प्रजासत्ताक दिनापासून जपून ठेवून ट्रंकेतून आणलेल्या. आणि पुढं झाडांखालचा चौकोन. त्यातला पाचोळा नाहीसा झाला होता. पोरींनी खराट्यानं तो असा लख्ख झाडला होता, की तांबडी जमीन तुळशीच्या अंगणासारखी दिसत होती. वर सडा शिंपडलेला. पत्र्याच्या कडेनं रांगोळी. चांदबी वाकून तिच्यात हळदीकुंकवाचे रंग भरत होती आणि आपल्याच कामावर खूश होती.

पलीकडं पाचोळ्याचा ढीग लावला होता, आणि ढिगाशी गुरव सर काड्यापेटी घेऊन उभे होते.

"सर!" महेजबीन ओरडली. आजवर तिनं वडीलधाऱ्या माणसावर आवाज चढवला नव्हता. "काडी टाकू नका!"

गुरव सरांच्या हातातली काडी खाली पडली, सुदैवानं न पेटलेली. हंबीरराव धावत गेले, त्यांनी काड्यापेटी काढून घेतली आणि खिशात घातली. "मास्तर, तुमच्या वयाकडं बघून गप बसतोय," ते एवढंच बोलले.

"अहो बाई, झालं काय?" गुरव सरांना खरंच समजत नव्हतं. "साहेब येणार. त्यांनी या कचऱ्यात उभं राहून बघायचं? पहाटेपासून राबताहेत पोरी."

"कचरा?" महेजबीनचा आवाज फुटला. "सर, परवा तुम्ही पोटावर पडून काय बघत होता?"

गुरव सरांनी झाडलेल्या जमिनीकडं पाहिलं, मग ढिगाकडं, मग परत जमिनीकडं. त्यांच्या चेहऱ्यावरचा रंग उतरत गेला. दिपोटी येणार म्हटल्यावर त्यांच्या हातांनी, जन्मभराच्या सवयीनं, जे करायचं ते करून टाकलं होतं. डोक्याला कुणी विचारलंच नव्हतं. प्रयोगातला जीवच त्यांनी खराट्यानं बाहेर काढला होता.

महेजबीन तिथंच एका दगडावर बसली. तिला राग आला होता आणि रडूही येत होतं. दोन वर्षांचे खेटे, आयांच्या विनवण्या, वडिलांनी घासलेल्या पट्ट्या, सगळं एका सकाळच्या सडा-रांगोळीत वाहून गेलं होतं. पोरी खराटे हातात घेऊन गुन्हेगारासारख्या उभ्या होत्या. खाली घाटात जीपचा आवाज ऐकू यायला लागला.

"बाई," गुरव सर जवळ आले. त्यांचा आवाज अगदी खाली आला होता. "पाला परत पसरू या. पाच मिनिटांचं काम आहे. साहेबांना काय कळणार? पाणी नितळ येईल, ते बघतील आणि जातील. शिबिर वाचेल."

खोटं कशाला बोला, क्षणभर महेजबीनला ते पटलं. पाला पसरला असता, तर बहुतेक नितळ पाणी आलंही असतं. दरवर्षी शिबिर झालं असतं. तिनं वर पाहिलं, तर रंगू तिच्याकडं टक लावून बघत होती. वरचं पान, खालचं पान, बुरशी, माती, हा सगळा क्रम त्या पोरीनं आपल्या बोटांनी उलगडला होता. आता तोच पाला तिच्या हातानं कसाबसा पसरून साहेबांपुढं 'हे जंगल' म्हणायला लावायचं? साहेब आले की खरं गुंडाळून ठेवायचं असतं, हे तर पोरींना शाळेतच शिकायला मिळत होतं. त्यासाठी त्यांना एवढा घाट चढवून आणायची गरज नव्हती.

"नाही," महेजबीन उठली आणि तिनं पदर खोचला. "रंगू, चांदबी, पट्ट्या उपटा. वर चला. ज्या जागेला आपला कुणाचाच हात लागलेला नाही, तिथं नवा चौकोन आखायचा."

"पण तिथं आपण कधी करून बघितलेलं नाही!" गुरव सर घाबरले. "काय होईल, कुणाला ठाऊक!"

"कुणालाच नाही."

"आणि ते साहेबांसमोर?"

"साहेबांसमोरच," महेजबीन म्हणाली आणि पहिली पट्टी तिनं स्वतःच उपटली.

इनामदार साहेब जीपमधून उतरले तेव्हा वरचा नवा चौकोन जेमतेम ठोकून झाला होता. साहेब घाईत होते. पॉलिश केलेले बूट, हातात घड्याळ, संध्याकाळी सांगलीला मीटिंग. महेजबीननं त्यांना आधी जळक्या उतारावर नेलं. तिथं काळं पाणी धो धो आलं आणि बरणी भरली. साहेबांनी मान डोलावली. वाटेत रांगोळी घातलेली जागा लागली तेव्हा ते थांबले आणि प्रसन्न झाले. "वा! हा दुसरा प्रयोग ना? किती नीटनेटका ठेवलाय. करा सुरू."

"साहेब, ही जागा बिघडली आहे," महेजबीन म्हणाली. "इथला पाचोळा झाडून टाकला गेला. त्याशिवाय प्रयोगाला अर्थ नाही. आम्ही वर नवी जागा घेतली आहे."

"झाडून टाकला गेला म्हणजे? कुणी टाकला?"

महेजबीन काही बोलायच्या आत गुरव सर पुढं आले. टोपी त्यांनी हातात घेतली होती. "मी झाडला, साहेब. पोरींचा दोष नाही, बाईंचा तर नाहीच. तुम्ही येणार म्हणून मी झाडून घेतलं. साऱ्या नोकरीत हेच करत आलो. चुकलं माझं."

ज्या माणसाच्या नावावर कधी वाईट शेरा नाही, तो भर घोळक्यात असं बोलला. तालुक्याचे मास्तर माना खाली घालून उभे राहिले. त्यांच्यातल्या कुणी आजवर अंगणं झाडली नव्हती असं थोडंच होतं. महेजबीनचा सगळा राग त्याच क्षणी गेला.

साहेबांना मात्र राग आला. "म्हणजे आठवडाभराच्या शिबिराला शेवटच्या दिवशी प्रयोगसुद्धा धड तयार नाही," ते पुटपुटले. तरी ते वर चढले. चढताना पाचोळ्यात बूट घसरत होते. हंबीररावांनी हात द्यायला पुढं केला, तो त्यांनी घेतला नाही. वर पोचल्यावर महेजबीननं सरळ झारी त्यांच्याच हातात दिली. "तुम्हीच ओता, साहेब. म्हणजे आम्ही काही केलं असं वाटायला नको."

साहेबांनी झारी तिरकी केली. पाचोळ्यावर टपटप आवाज झाला. घागर संपली. सगळे खाली वाकून बरणीकडं बघायला लागले.

पाणी आलं नाही.

थोडा वेळ थांबले. तरी पाणी नाही. साहेबांनी दुसरी घागर ओतली. पानं भिजली, चकाकली, त्यांच्यातून मातीचा वास आला. पन्हळ मात्र कोरडी ठणठणीत. बरणीच्या काचेतून पलीकडचा दगड स्वच्छ दिसत होता. रोज नितळ धार यायची, आजही तीच येईल असं महेजबीन धरून चालली होती. आपणही गुरव सरांसारखा निष्कर्ष आधीच लिहून ठेवला होता, हे तिला आत्ता कळलं.

"बाई, पाणी कुठाय?" साहेब म्हणाले. "प्रयोग फसला तुमचा."

तेवढ्यात रंगू खाली बसली. तिनं पाचोळा बाजूला केला, जाळीची पानं बाजूला केली आणि मातीत हात घातला. हात मनगटापर्यंत आत गेला.

"बाई, हितं हाय," ती म्हणाली. "समदं आत गेलंय. लय आत."

महेजबीननंही हात घातला. माती थंड होती, ओलीचिंब होती, आणि जितकं खोल जावं तितकी ओली होती. दोन वर्षांपूर्वी वर्गात विचारलेल्या प्रश्नाचं उत्तर तिच्या मुठीत होतं, आणि ते तिला आयुष्यात पहिल्यांदा ठाऊक झालं होतं. "साहेब," ती म्हणाली, "हात घालून बघा."

इनामदार साहेबांनी एकदा आपल्या शर्टाच्या पांढऱ्या बाहीकडं पाहिलं. मग बाही वर सारून ते उकिडवे बसले आणि त्यांनी हात मातीत घातला. बराच वेळ त्यांनी तो बाहेर काढलाच नाही.

"मग रोज खाली नितळ पाणी येत होतं म्हणता, ते कसं?" त्यांनी विचारलं. प्रश्न महेजबीनला होता.

"सायेब," चांदबी पुढं झाली, "आमी रोज त्याच जागेवर वतत हुतो. ती पिऊन पिऊन भरली आसंल. ही जागा ताहानलेली हाय."

"हे तुला कुणी सांगितलं? बाईंनी?"

"न्हाई. आत्ताच वाटलं."

साहेबांनी हात बाहेर काढला आणि तसाच मातीनं माखलेला हात गुडघ्यावर ठेवून ते त्या पोरीकडं बघत राहिले. इतक्या शाळा तपासल्या, इतकी उत्तरं ऐकली, पण 'आत्ताच वाटलं' असं त्यांना कुठल्या वर्गात कुणी म्हटलं असेल, तर ते त्यांना आठवेना. खालून जीपचा हॉर्न वाजला. ते उठले नाहीत.

"पर आसं आसंल, तर मग ते जळकं रानबी नव्यानं बघाय पायजे," रंगू स्वतःशीच बोलल्यासारखी म्हणाली. "तितंबी आमी रोज एकाच जागी वतलंय. न्हाईतर त्याच्यावर अन्याव हुईल."

"कुणावर?"

"जळक्या रानावर, सायेब."

हंबीरराव मिशीत हसले. साहेबही हसले, पण लगेच गंभीर झाले. "बरं, मग किती जागा बघायला पाहिजेत?"

"लय," रंगू म्हणाली. "चढावरच्या, सपाटीच्या, समद्या. आन् झारीनं काय कळतंय? पाऊस पडतो तवाच खरं कळंल. पावसाळ्यात याय पायजे."

महेजबीननं मातीचा हात पदराला पुसला. दरवर्षी एक शिबिर मिळावं एवढंच तिनं मागितलं होतं, आणि तेही आता हातचं गेलं असं धरून ती उभी होती. या पोरीनं तर सरळ आणखी एक शिबिर मागितलं होतं, आणि तेही भर पावसातलं.

साहेब उठले. "बाई, मी अहवालात खरं तेच लिहिणार. प्रयोग ठरल्याप्रमाणे झाला नाही, असंच लिहिणार." ते हंबीररावांकडं वळले. "रेंजर, पावसाळ्यात यांना जागा द्याल का? आणि नंतर दरवर्षी, फेब्रुवारीत आणि पावसाळ्यात, दोन्ही वेळेला. पत्र मी पाठवतो."

"पावसाळ्यात जळवा आस्त्यात, सायेब," हंबीरराव म्हणाले. "पायाला डझनांनी चिकटत्यात."

"जळवा?" चांदबीचे डोळे चमकले. "त्याबी बघाय मिळतील?"

तेव्हा कुठं महेजबीनच्या डोळ्यांतून पाणी आलं. तिनं ते पुसलं नाही, लपवलंही नाही. पोरी नाचत सुटल्या, मास्तर एकमेकांशी तावातावानं बोलायला लागले. पुढच्या खेपेला आपल्या शाळेचा वेगळा चौकोन असावा, असं ज्याचं त्याचं म्हणणं होतं. साहेब चिखलाच्या हातानंच जीपकडं निघाले आणि उतारावर या खेपेला त्यांनी हंबीररावांचा हात धरला.

गुरव सर तेवढे मागं राहिले होते. ते त्या रिकाम्या बरणीशी बसले होते. महेजबीन त्यांच्याजवळ गेली.

"सर, पावसाळ्यात याल ना?"

"मी? मी तेव्हा नोकरीत नसेन, बाई. आणि आजचं बघितल्यावर तुम्ही मला बोलावता?"

"नोकरीचं काय करायचंय? इतक्या जागा बघायच्या, तर माणसं लागतील. आणि तुमच्याइतकं पहाटे उठणारं आमच्यात कुणी नाही."

गुरव सर हसले नाहीत. त्यांनी बरणी उचलून उजेडात धरली, आत निरखून पाहिलं आणि परत जिथली तिथं ठेवली. काहीतरी त्यांना आतून खात होतं, आणि ते विचारायला त्यांना धीर करावा लागला.

"बाई, पावसाळ्यात इथं बरणी लावली, आणि तिच्यात गढूळच पाणी आलं तर? आपण पोरींना काय सांगायचं?"

महेजबीन त्यांच्या शेजारी पाचोळ्यात बसली.

"आलं, तर आलं म्हणायचं, सर."